चोरून लिहू नकोस

प्रिय,

मुलं झोपली की मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसतेस आणि कथा लिहितेस, हे वाचून मला तुझी दया आली नाही. राग आला. परिस्थितीचा आला, पण थोडा तुझाही. दोन लहान मुलांच्या रगाड्यात लिहिणं कसं जमवायचं, असं विचारतेस. वेळापत्रक मी देणार नाही. दात येणाऱ्या बाळापुढे कुणाचं टिकलंय? माझं सांगणं एवढंच, की चोरून लिहू नकोस.

ऑफिसची मीटिंग असली की तू दार लावून घेतेस. मुलं नवऱ्याकडे असतात, रडली तर तो बघतो, आणि त्याबद्दल तुला ओशाळं वाटत नाही. मीटिंगची वेळ घरात सगळ्यांना ठाऊक असते. लिहिण्याची वेळ तुझ्या एकटीच्या डोक्यात आहे, मग ती पाळणार कोण? शिवाय या कामाचा पगार येत नाही, म्हणजे घरच्या हिशेबात तो छंदच. छंद पाहुणे आले की बाजूला, ताप आला की बाजूला. (तापात ठेवावाच. मी उरलेल्या दिवसांबद्दल बोलतेय.)

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसनचं उदाहरण तुला कुणीतरी ऐकवलंच असेल. दोन मुलगे, प्रकाशनसंस्थेत संपादकाची नोकरी, मुलं उठायच्या आत पहाटे लिहिणं, आणि १९७० साली, वयाच्या ३९व्या वर्षी, पहिली कादंबरी. सगळं खरं. पण घटस्फोटानंतर ती मुलांना एकटीने वाढवत होती, हे सांगणारे गाळतात. तिची पहाट ही नाइलाजाची होती. तुझ्या घरात दुसरं धडधाकट माणूस आहे. त्याला संध्याकाळी पोरांना घेऊन बाहेर जा म्हणायचं सोडून लोक तुलाच पहाटे उठायला सांगतात. आणि दुसऱ्या टोकाला तो इंग्रज समीक्षक सिरिल कॉनली. घरातल्या बाबागाडीसारखा चांगल्या कलेला शत्रू नाही, अशा अर्थाचं वाक्य त्याने १९३८ साली लिहिलं. तेव्हा त्याला स्वतःला मूल नव्हतं. सोड त्याला.

रोज अर्धा तास घे. मागू नकोस, सांग. टेबलाशी बस, सगळ्यांच्या देखत. तो अर्धा तास फक्त नव्या मजकुरासाठी. खाडाखोड, शुद्धलेखन, लिहिलेलं मोठ्याने वाचून बघणं ही कामं मूल मांडीवर असतानाही होतात. नवं वाक्य सुचणं मात्र दर दोन मिनिटांनी 'आई' ऐकू येत असताना होत नाही, निदान मला तरी जमलं नाही. उठताना वाक्य अर्धं सोड, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधण्यात वेळ जात नाही. थोरला विचारेल, काय करतेस? 'काही नाही' म्हणायचं नाही. गोष्ट लिहितेय म्हणायचं. तेही चोरून लिहिणंच, ते 'काही नाही'.

माझी मुलगी आता मोठी आहे. 'थांब, एवढं वाक्य होऊ दे' हे तिच्या लहानपणीचं सर्वांत पाठ झालेलं वाक्य, असं ती चारचौघांत हसत सांगते. हसते, पण मला लागतं. तिच्या लहानपणाचे काही तुकडे माझ्या हातून निसटले आणि ते परत मिळणार नाहीत. तरी मी तिला दर वेळी सांगते, की मी थांब म्हणत होते, जा म्हणत नव्हते. वाक्य झालं की उठत होते. न लिहिता दिवसभर तिच्याजवळ बसले असते तर चिडलेली, तुसडी बाई तिच्या वाट्याला आली असती. तशी मी एक वर्ष होतेही. तिला हे पटत नाही. तुझ्या मुलांनाही कदाचित पटणार नाही. ती जोखीम घ्यावी लागते, आणि मी पुन्हा घेईन.

नवरा 'तू लिही ना, मी कुठे अडवतो' म्हणतो, असं लिहिलंयस. न अडवणं म्हणजे मदत नव्हे. कोणत्या वेळी मुलं तो घेणार, ते त्याच्याकडून ठरवून घे. ठरलं की मला कळव.

आणि ती अर्धी कथा पाठव. शेवट झाला नसला तरी चालेल. वर 'वेळ मिळाला तर वाचा' असलं काही लिहिलंस, तर न वाचता परत पाठवीन.

तुझी,
मावशी