पुण्याहून लंडनच्या नाणे-लिलावगृहात जायचंय? निघण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 27, इतिहासाची पदवी, पुण्यात नाण्यांच्या एका व्यापाऱ्याकडे तीन वर्षं काम, फारसी अक्षरं बऱ्यापैकी लागतात आणि आता लंडनच्या एखाद्या लिलावगृहात नाण्यांच्या विभागात शिरायचं आहे. आजोबांची तीसेक नाणी सोबत नेऊन तिथे विकली तर सुरुवातीचा खर्च निघेल का, हेही तुम्ही विचारलंय.

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण त्यात तुरुंग आहे. नाणी नेऊ नका. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं कुठलंही नाणं हा पुरावशेष ठरतो आणि तो देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारशिवाय कुणालाही नाही. शिक्षा किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड. लोक फसतात ते ‘शंभर वर्षं’ या शब्दांत. ती मर्यादा दर वर्षी एक पाऊल पुढे सरकते. पंचम जॉर्जचे 1911 ते 1922 चे चांदीचे रुपये, जे आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतात, ते सगळे आता त्या रेषेपलीकडे गेलेत. शिवराई, अंकुशी रुपया, मुघल रुपया हे तर आधीपासूनच होते. वारशाने मिळालेलं नाणं घरात ठेवायला हरकत नाही, भारतात विकायलाही नाही. सामानात घालून न्यायला आहे. आजोबांची नाणी मुंबई, अहमदाबाद किंवा बंगळूरच्या लिलावात द्या आणि पैसे घेऊन जा.

दुसरं कारण धंद्याचं आहे. लंडनमधलं कुठलंही बरं लिलावगृह आता पहिला प्रश्न विचारतं: हे नाणं त्या देशाबाहेर कधी आणि कसं गेलं? सीझरचा मारेकरी ब्रूटस याचं ‘ईद मार’ (म्हणजे हत्येची तारीख) लिहिलेलं सोन्याचं नाणं 2020 मध्ये लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेलं. त्याची जुनी मालकी बनावट निघाली आणि 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या तपास यंत्रणेने ते ग्रीसला परत केलं. तेव्हापासून कागद नसलेल्या मालाला दारातच थांबवतात. आपली कारकीर्द कागद नसलेल्या नाण्यांनी सुरू करणारा माणूस या धंद्यात फार काळ टिकत नाही.

आता व्हिसा. खरी भिंत इथे आहे आणि नाण्यांचं कितीही ज्ञान असलं तरी ती पाडता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी 22 जुलै 2025 पासून साधारण किमान पगार 41,700 पौंड लागतो आणि काम पदवीच्या पातळीचं असावं लागतं. लिलावगृहात नवखा माणूस कॅटलॉग सहायक किंवा हमालीसकट सगळं करणारा म्हणून लागतो. एप्रिल 2025 च्या 12.21 पौंडांच्या किमान वेतनाने आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाला 23,800 च्या आसपास होतात. सुरुवातीचा पगार त्याच्या थोडा वर असतो. म्हणजे मालकाची कितीही इच्छा असली तरी तो तुमच्यासाठी आकडा दीडपटीच्याही वर नेणार नाही. ‘स्पॉन्सर द्याल का’ अशी पन्नास पत्रं पाठवून उत्तर न येण्याचं कारण हे आहे, तुमची इंग्रजी नव्हे.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली आणि तुमच्या वयाला सर्वांत सोयीची: इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम. 18 ते 30 वयाच्या पदवीधर भारतीयांसाठी वर्षाला 3,000 जागा, दोन वर्षांचा व्हिसा, आधी नोकरी हातात असण्याची अट नाही, पगाराची अट नाही. आधी चिठ्ठी काढतात. ती साधारणपणे फेब्रुवारी आणि जुलैमध्ये दोनेक दिवस उघडते आणि नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नाव निघालं तर 2,530 पौंड सलग 28 दिवस खात्यात दाखवायचे आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार 1,552 पौंड व्हिसाच्या शुल्काव्यतिरिक्त भरायचा. हा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि यावर कुटुंब सोबत नेता येत नाही. नाव निघणं नशिबाचा भाग आहे, पण तुमच्या हातात अजून काही वर्षं आहेत. प्रत्येक वेळी टाका.

दुसरी: एक वर्षाची मास्टर्स, मग ग्रॅज्युएट व्हिसा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला संग्रहालय-अभ्यासाची मास्टर्स आहे, वॉरिकला प्राचीन नाण्यांचा अभ्यास चांगला चालतो. फी तीस हजार पौंडांच्या घरात धरा, राहणं-खाणं वेगळं. ग्रॅज्युएट व्हिसा आता दोन वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना अठराच महिने मिळतील. इथून पुढे स्किल्ड वर्करकडे वळताना ‘नवागत’ म्हणून मर्यादा 33,400 वर येते. हा आकडा मात्र दीड-दोन वर्षांत कामाला लागलेल्या कॅटलॉगरच्या आवाक्यात येऊ शकतो. एक खड्डा: विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला 20 तास नोकरी चालते, पण स्वतःचा धंदा अजिबात चालत नाही. इंटरनेटवर नाणी घेऊन-विकून नफा काढणं हा धंदाच. नाण्यांच्या माणसाला हा मोह आवरत नाही आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी बँकेचे कागद बोलतात.

तिसरी: नवरा किंवा बायको तिकडे स्किल्ड वर्कर असेल तर अवलंबिताच्या व्हिसावर पगाराच्या अटीशिवाय जवळपास कुठलीही नोकरी करता येते. हे ज्यांना लागू आहे त्यांनी वरचे दोन परिच्छेद विसरावेत.

काम नेमकं काय असतं, याबद्दल पुण्यात बरेच गैरसमज दिसतात. आपल्याला वाटतं, दिवसभर जहांगीरच्या राशिचिन्हं असलेल्या सोन्याच्या मोहरा हाताळायच्या. प्रत्यक्षात पहिलं वर्ष बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत जातं. कुणी वारलं की घरचे डबे घेऊन येतात आणि त्यातून तुम्ही ब्रिटिश चांदी निवडायची: 1920 पूर्वीची 92.5 टक्के, 1920 ते 1946 ची 50 टक्के, 1947 पासून चांदी नाहीच. हे वाक्य झोपेतही म्हणता आलं पाहिजे. त्याच्या जोडीला आपला रुपया: 11.66 ग्रॅम, 91.7 टक्के चांदी; 1940 पासून निम्मी; 1947 चा निकेलचा. सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं: 7.98 ग्रॅम, 22.05 मिलिमीटर. सॉव्हरिनच्या बाबतीत वजन बरोबर आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. लेबनॉनमध्ये मागच्या शतकाच्या मध्याला पाडलेल्या नकली सॉव्हरिनमध्ये सोनं पुरेपूर आहे; तिथे अक्षरांची धार, कडेचे दाते आणि पृष्ठभागावरचे बारीक फुगवटे पाहावे लागतात.

स्वतःची हत्यारं स्वस्त आहेत: दहापट भिंग, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा, प्लास्टिकचा कॅलिपर (लोखंडी नको, ओरखडा पडतो) आणि पिवळ्या उजेडाचा टेबललॅम्प. पसरट पांढऱ्या एलईडीखाली धुतलेलं नाणंही चमकदार दिसतं. एका बाजूने येणाऱ्या उजेडात नाणं तिरकं फिरवलं की घासल्याच्या समांतर रेषा उघड्या पडतात. नाणं कडेने धरायचं, खाली मखमलीचा ट्रे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलेल्या तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. असं पाकीट दिसलं की आधी नाणं बाहेर काढा. आणि जुन्या व्यापाऱ्यांची गोल कागदी तिकिटं कधीही फेकू नका. त्या चिठ्ठीवरची शाई म्हणजे नाण्याचा जन्मदाखला. ती गेली की किंमत उतरते.

मुलाखतीत पुढे ट्रे ठेवून प्रत, म्हणजे नाणं किती झिजलंय ते, सांगायला लावतात. तिथे आपल्याकडच्या सवयीने ‘एकदम टॉप’ म्हणाल तर संपलं. इंग्रजी पद्धत फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड अशी चढते. प्रत ठरवून देणाऱ्या अमेरिकी कंपन्या 70 गुणांच्या मापावर मोजतात. शंका असेल तर अर्धी पायरी खालची सांगा. जास्त प्रत लिहून विकलेलं नाणं परत येतं, आणि परत आलेल्या नाण्याचा हिशेब लिहिणाऱ्याच्या नावावर पडतो.

आता तुमचं खरं भांडवल. राणीच्या पेन्या ओळखणारे तिथे हजार आहेत. फारसी लेख वाचून टांकसाळ आणि सनेजुलूस (बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष) सांगणारा, नागरी-मोडीचं वळण ओळखणारा माणूस मोजका. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि संस्थानांचे रुपये लंडनच्या जुन्या संग्रहांतून सतत बाहेर येतात, आणि तिथेच चुका होतात. ठळक उदाहरण: सुरतचा रुपया, हिजरी 1215, जुलूस 46. हिजरी सालातून त्याचाच तेहतिसावा भाग वजा करून 622 मिळवले की 1800 येतं, आणि नवखा तसंच लिहून मोकळा होतो. पण मुंबई इलाख्याने ते वर्ष गोठवून पुढेही तेच पाडलं. मुर्शिदाबादचं 19 आणि फरुखाबादचं 45 हीदेखील अशीच गोठलेली वर्षं. सालावरून नव्हे, कड कशी आहे आणि पाडणी हाताची की यंत्राची यावरून काळ ठरतो. मराठ्यांच्या रुपयांवर तर नाव मुघल बादशहाचं, बरेचदा शाह आलमचं. कोणाचा रुपया हे अंकुशासारख्या खुणेवरून ठरतं. हे अचूक लिहिणारा माणूस विभागाला लगेच लागतो.

म्हणून अर्जासोबत बायोडेटापेक्षा नमुना पाठवा. दहा भारतीय नाण्यांच्या कॅटलॉग नोंदी, प्रत्येकी चार-पाच ओळी: राजा, मूल्य, टांकसाळ, साल, लेख, वजन, ठशांची परस्पर दिशा, संदर्भग्रंथातला क्रमांक (सल्तनतीसाठी गोरॉन-गोयंका, कंपनीसाठी प्रिडमोर), प्रत, आधीची मालकी, अंदाजित किंमत. फोटो सपाट, सावली एकाच बाजूला. एखाद्या नोंदीत ‘हे नकली आहे, कारण…’ असंही असू द्या. राम दरबार आणि 1818 साल असलेला कंपनीचा ‘आणा’ किंवा शिवाजी महाराजांचा ओतीव होन घ्या. पहिला कंपनीने कधी पाडलाच नाही, दुसऱ्याच्या कडेला ओतल्याची शिवण आणि अक्षरांत बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. तुमच्या पुण्याच्या दुकानात येतात तशी गिऱ्हाइकं लंडनमध्येही हीच नाणी घेऊन येतात.

निघण्याआधी महाराष्ट्रातच जे मिळतं ते घ्या. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबई विद्यापीठात दिनेश मोदी संस्था आहे. ओरिएंटल न्युमिस्मॅटिक सोसायटीचं सदस्यत्व भारतातून घेता येतं; तिच्या नियतकालिकात दोन पानांचं टिपण छापून आलं तर लंडनमधल्या ज्यांना तुम्हाला भेटायचंय त्यांनी तुमचं नाव आधीच वाचलेलं असतं.

पैसा कुठे आहे तेही पाहून घ्या. हातोडा 1,000 पौंडांवर पडला असं धरा. खरेदीदार 20 टक्के प्रीमियम (लिलावगृहाचं बोलीवरचं जादा शुल्क) आणि त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट धरून 1,240 देतो. विकणाऱ्याकडून 15 टक्के कमिशन आणि त्यावरचा व्हॅट कापून त्याला 820 मिळतात. मधल्या 420 मधले 70 व्हॅटचे, 350 लिलावगृहाचे. (टक्के घरागणिक बदलतात; काही ठिकाणी प्रीमियम 24 आहे.) याच कारणाने लिलावगृहात विद्वानापेक्षा माल आणणाऱ्याला मान असतो. ब्रिटनमधल्या जुन्या भारतीय कुटुंबांशी तुमचं मराठी, गुजराती, हिंदी बोलणं जमत असेल तर ते पगाराच्या बोलणीत सांगा. आणि पुढे स्वतः व्यापारी व्हायचं स्वप्न असेल तर हेही बघा: तेच नाणं 1,240 ला घेऊन 1,300 ला विकलं, तर मार्जिन योजनेत (यात व्हॅट फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो) साठ पौंडांच्या फरकातला सहावा भाग, दहा पौंड, व्हॅट जातो. उरलेल्या पन्नासात टपाल, विमा, मेळ्यातलं टेबल. लिलावात घेऊन लगेच विकण्यात काही नाही. नफा चुकीच्या नोंदीत लपलेल्या नाण्यात असतो.

एक सवय मात्र विमानात बसण्याआधीच सोडा. आपल्याकडे लिलावाआधी दोन-तीन व्यापारी ‘यावर तू बोलू नकोस, त्यावर मी बोलत नाही’ असं ठरवतात आणि मागाहून आपसात वाटून घेतात. ब्रिटनमध्ये बोली न लावण्यासाठी व्यापाऱ्याला मोबदला देणं किंवा त्याने तो घेणं 1927 पासून गुन्हा आहे. जमिनीतून निघालेल्या मालाचाही नियम कडक: तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं-चांदी असलेली दोन नाणी एका जागी मिळाली तरी 14 दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. मेटल डिटेक्टरवाला शनिवारी चिखलाचे बूट घालून काउंटरवर आला तर किंमत सांगण्याआधी ‘कळवलंत का’ हे विचारायचं.

चिठ्ठीची पुढची तारीख ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहून ठेवा. पासपोर्ट आणि पदवीचं प्रमाणपत्र तोवर तयार हवं, आणि त्या दहा नोंदी आजपासून लिहायला घ्या.