टचपॅड दाबल्या जात नाही? आधी बॅटरी पाहा

वाचकांचे प्रश्न

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. दोन महिने कुलूपबंद पडलेले लॅपटॉप तेव्हा कपाटाबाहेर येतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत दुखणं एकच आहे, फुगलेली बॅटरी. म्हणून हा अंक तिलाच दिला आहे.

प्रश्न : शाळेचा लॅपटॉप एप्रिलअखेर पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवला होता. आता टचपॅडचं बटण दाबल्या जात नाही आणि टेबलावर ठेवला की एक कोपरा डुगडुगतो. बाकी सुरू होतो, चार्जही होतो. टचपॅड बदलावा लागेल का?
– जि. प. शिक्षिका, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : टचपॅडला बहुधा काही झालेलं नाही. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी नेमकी त्याच्या खाली असते. ती फुगली की टचपॅडला खालून दाबते आणि बटणाला खाली जायला जागाच उरत नाही. खात्री करायची तर लॅपटॉप बंद करून गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने हलके दाबून तो डुगडुगतो का ते पाहा. मग कड डोळ्याच्या रेषेत धरा. मधल्या भागात वरच्या-खालच्या पत्र्यात फट दिसते का, झाकण लावल्यावर पुढचा ओठ उघडाच राहतो का, हे बघा. यातलं एकही लक्षण दिसलं तर चार्जर लावू नका. ‘चार्ज होतो’ याचा अर्थ बॅटरी चांगली असा नाही. फुगलेली बॅटरीही बरेच दिवस चार्ज होत राहते, आणि फसगत तिथेच होते.

कारण तुमच्याच पत्रात आहे: पूर्ण चार्ज आणि उन्हाळा. आजच्या लॅपटॉपमधले सेल ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाच्या पाकिटासारखे असतात. आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पातळ पानं आणि त्यांत भिजलेलं ज्वलनशील द्रव. सेल काठोकाठ भरलेला असेल आणि त्यात उष्णता मिळाली, की हे द्रव हळूहळू विघटतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन असे वायू तयार होतात. पाकीट सीलबंद असल्याने वायूला वाट नसते, म्हणून ते उशीसारखं फुगतं. पूर्ण भरलेली बॅटरी ४० अंशांत वर्षभर नुसती पडून राहिली तरी तिची साधारण एक तृतीयांश क्षमता कायमची जाते. तीच ४० टक्के भरून ठेवली असती तर नुकसान १५ टक्क्यांच्या आसपास. आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या छताखालच्या बंद खोलीत ४० अंश म्हणजे सकाळची वेळ.

पुढच्या सुटीत ४० ते ५० टक्के चार्जवर पूर्ण शट डाउन करा. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक केलं तरच तो खरा बंद होतो. ठेवायचा तो शाळेतल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या खणात. महिन्या-दीड महिन्याने कोणी तरी काढून पाहावा. पूर्ण रिकामी बॅटरी ठेवणंही वाईटच. सेलचा व्होल्टेज फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुढे चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते.

प्रश्न : आमच्या इथला दुरुस्तीवाला म्हणतो, टाचणीने गॅस काढून वरून टेप मारून देतो, सहा महिने आरामात चालेल. शंभर-दोनशे रुपयांत काम होते. करू का?
– ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : करू नका, आणि त्याच्याकडे लॅपटॉप ठेवूनही येऊ नका.

आतले दोन थर एकमेकांना लागू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, कधी त्याहूनही कमी. टाचणी वर्खातून गेली की हा पडदा सहज फाटतो. टाचणी स्वतः धातूची, म्हणजे शॉर्ट सर्किट तिथेच, त्याच्या हातात. नशिबाने पेट घेतला नाही तरी त्या छिद्रातून दमट हवा आत जाते. द्रवातला लिथियमचा क्षार पाण्याशी मिळाला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते फुप्फुसाला आणि कातडीला जाळतं. ज्या कारणाने गॅस झाला ते कारण तसंच राहतं, त्यामुळे बॅटरी पुन्हा फुगते आणि या वेळी फाटलेल्या पाकिटासकट.

आतले सेल तेवढे बदलून घ्यायचा सल्लाही आमच्या मते टाळावा. जुन्या, बाहेरून निघणाऱ्या बॅटरीत १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब स्टीलचे गोल सेल असत. ते स्पॉट वेल्डिंगने बदलणारे कारागीर होते. आजच्या बॅटरीतली नियंत्रक चिप जुनी क्षमता आणि चार्जच्या फेऱ्या लक्षात ठेवते. सेल नवे घातले तरी ती अनेकदा कुलूप लावून बसते. फुगलेल्या बॅटरीची दुरुस्ती म्हणजे ती काढून नवी बसवणं, दुसरी दुरुस्ती नाही.

प्रश्न : जवळपास लॅपटॉपचं दुकान नाही, चंद्रपूरला जायला अख्खा दिवस मोडतो. घरी उघडून बॅटरी काढता येईल का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : स्क्रूने बसवलेली असेल तर येईल. गोंदाने चिकटवलेली असेल, जशी मॅकबुकमध्ये असते, तर हात लावू नका. ती खाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून, दोरा किंवा प्लॅस्टिकची पट्टी सरकवत मिलिमीटर-मिलिमीटर सोडवावी लागते. घाईत उचकटली की वाकते, आणि वाकली की पेटू शकते. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून उघडण्याचा व्हिडिओ आधी बघा, त्यात बॅटरी कशी बसवली आहे ते कळतं.

लॅपटॉप गरम लागत असेल, गोडसर थिनरसारखा वास येत असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर उघडायचा विचार सोडा. तसाच अंगणात मोकळ्या जागी फरशीवर ठेवा आणि लांब राहा. यातलं काही नसेल आणि फुगवटा थोडा असेल, तर चार्जर न लावता, समोर बसून, बॅटरी २०-२५ टक्क्यांवर येईपर्यंत चालवा. चार्ज जितका कमी, तितकी आतली आग कमी. पार उशी झाली असेल तर एवढंही नको, सरळ बंद करा.

काम सकाळी, सांदवाडीत किंवा ओसरीवर करा. कुटार, कापूस, गॅस सिलिंडर जवळ नको. शेजारी घमेलंभर वाळलेली रेती आणि एक बादली पाणी ठेवा. पीएच-० मापाचा (अधिकच्या खुणेसारख्या टोकाचा) चांगला पेचकस लागेल, काही लॅपटॉपला टी-५ टॉर्क्स (चांदणीसारख्या टोकाचा) लागतो. घड्याळाच्या पेचकसाच्या स्वस्त संचाने स्क्रूचं डोकं घासलं जातं आणि मग ते निघत नाही. दोन स्क्रू बऱ्याचदा रबरी पायांखाली दडलेले असतात. लॅपटॉपची आकृती कागदावर काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला की वर तळहाताच्या पत्र्याला पिंपल येतं, किंवा तो मदरबोर्डमध्ये घुसतो.

एक गोष्ट चांगल्या बॅटरीत जाणवत नाही, फुगलेलीत जाणवते. खालचं झाकण आतून ढकललं जात असतं. म्हणून एका कडेचे सगळे स्क्रू आधी काढू नका. सगळे अर्धा-अर्धा फेरा, आमनेसामने, ढिले करत जा. नाहीतर शेवटच्या स्क्रूवर सगळा ताण येतो आणि तो ज्यात पिळलेला असतो ती पितळी बोंडी प्लॅस्टिकसकट उखडते. झाकणाच्या फटीत जुनं एटीएम कार्ड घालून क्लिपा सोडवा, पण कार्ड तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल ढकलू नका. बॅटरी बहुतेक पुढच्या कडेला, टचपॅडच्या बाजूला असते. सुरुवात मागच्या, बिजागरीच्या बाजूने करा. सुरी, चमचा, पट्टी असं धातूचं काहीच नको.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तारा ओढायच्या नाहीत. कनेक्टरचे दोन्ही कान नखांनी पकडून तो ज्या दिशेने निघतो त्याच दिशेने सरळ सरकवायचा. काहींवर तारेची छोटी कडी असते, ती आधी उलटवावी लागते. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपमध्ये अंगभूत बॅटरी बंद करण्याचा पर्याय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) मिळतो, तो उघडण्याआधीच वापरावा. कनेक्टर सुटला की पॉवरचं बटण १५ ते २० सेकंद दाबून धरा, उरलासुरला करंट निघून जातो. मग बॅटरीचे चार-सहा स्क्रू काढा आणि कडेला धरून उचला. फुगवट्यावर बोट दाबू नका. उचलत नसेल तर खाली चिकटपट्टी आहे असं समजा, झाकण परत लावा आणि शहर गाठा. एस. टी.त मांडीवर किंवा पिशवीत कोंबून नव्हे, तर स्टीलच्या पेटीत, सकाळच्या गाडीने.

प्रश्न : बॅटरी काढून टाकली, आता नुसत्या चार्जरवर चालवतो. चालते का?
– सेवा केंद्रचालक, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : बहुतेक विंडोज लॅपटॉप चालतात. काही मुद्दाम मंद होतात, कारण जास्त काम पडल्यावर चार्जरला कमी पडणारा करंट बॅटरी पुरवत असते. धोका वेगळाच आहे. लाइन गेली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद, आणि दाखल्याचा अर्ज अर्धवट. विंडोजची फाइल बिघडते ती वेगळी. नवी बॅटरी येईपर्यंत डेस्कटॉपसाठी वापरतात तो ६०० व्हीएचा यूपीएस लावा. लॅपटॉपचा चार्जर ४५ ते ६५ वॉटचा असतो. यूपीएसची बॅटरी ठीक असेल तर हातातलं काम निवांत संपतं. सुटलेला कनेक्टर आत कुठे घासणार नाही, असा टेप लावून ठेवा.

प्रश्न : नवी बॅटरी ऑनलाइन पाहिली तर एकाच लॅपटॉपसाठी चार किमती दिसतात. कोणती घ्यावी?
– वाचक, मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका, बॅटरीवरच्या लेबलवरून मागवा. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. लेबलवर भाग क्रमांक असतो. उदाहरणार्थ, डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डब्ल्यूडीएक्स०आर ही ११.४ व्होल्ट, ४२ वॉट-तासांची बॅटरी येते. व्होल्ट, वॉट-तास, तारेची लांबी, कनेक्टरच्या पिना आणि स्क्रूची भोकं, हे सगळं जुळलं पाहिजे. ११.४ च्या जागी १५.२ व्होल्ट चालत नाही, कनेक्टर बसला तरी.

मूळ आकाराच्या बॅटरीवर मूळपेक्षा दीडपट क्षमता छापलेली असेल तर ती छापखान्याची करामत समजा. लेबलवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असावा. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकून पाहता येतो. फोटोत लेबल न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

बसवल्यावर तपासा. विंडोजमध्ये सीएमडी शोधून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत पॉवरसीएफजी हा सलग शब्द, एक जागा सोडून तिरपी रेघ (/), आणि रेघेला जोडून बॅटरीरिपोर्ट असं लिहून एंटर दाबा. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते खालच्या ओळीत येतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ लेबलशी जुळावी, ‘फुल चार्ज कपॅसिटी’ तिच्या आसपास असावी आणि चार्जच्या फेऱ्या शून्याजवळ असाव्यात. बरंच खाली असेल तर परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत परत करा. दिवसभर चार्जर लावूनच काम असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्के ठेवा. लेनोव्हो, डेल, आसुस, एचपी या सगळ्यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय आहे, नावं तेवढी वेगळी.

वॉरंटीबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची असते. त्या मुदतीत फुगली असेल तर स्वतः उघडू नका, फोटो काढा आणि लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : काढलेली बॅटरी कुठे टाकू? भंगारवाला घ्यायला तयार आहे. घरात अजून पाच-सहा क्विंटल कापूस पडून आहे म्हणून धास्ती वाटते.
– शेतकरी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : धास्ती रास्त आहे. आजच बाहेर काढा. कनेक्टरच्या टोकावर चिकटपट्टी लावा, जुन्या मडक्यात चार बोटं वाळलेली रेती घालून त्यावर बॅटरी ठेवा आणि वरून रेतीनेच झाका. तोंडावर घट्ट झाकण बसवू नका, गॅसला वाट हवी. मडकं सावलीत, पावसापासून आडोशाला, घर, गोठा आणि कुटारापासून लांब. पाण्यात बुडवून ठेवणं, पुरणं किंवा उकिरड्यावर टाकणं यातलं काही नको.

भंगारवाल्याकडे ती हातोड्याखाली जाते किंवा इतर लोखंडाखाली दबते, आणि पेटते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि घरच्या कचऱ्यात न मिसळता त्या वेगळ्या देण्याची आपली. नवी जिथे घेतली त्या दुकानात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात स्वतः नेऊन द्या. कुरिअरने पाठवू नका, फुगलेली किंवा खराब लिथियम बॅटरी विमानाने नेण्यास मनाई आहे.

आणि धूर निघालाच तर? लॅपटॉप चार्जिंगला असेल तर आधी बटण किंवा मेन स्विच बंद. मग लांबूनच बादलीने भरपूर पाणी. पाण्याने शेजारचे सेल थंड होतात आणि आग एका सेलवरून दुसऱ्यावर जात नाही. रेतीने ज्वाळा दबते, पण आतली उष्णता तशीच राहते. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून तिला घरात परत आणू नका. धूर विषारी असतो, तोंडाला फडकं बांधून तो अडत नाही. कापसाच्या खोलीत पेटली असेल तर माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ वर फोन करा.