पाकीट अजून फेकलं नसेल तर आधी हे वाचा

ताई, मानेवाड्याहून तुम्ही लिहिलंय की रेडी-टू-कुक कबाब खाऊन तीन तासांत घरातल्या चौघांना उलट्या लागल्या, दुकानदार पैसे परत देतो म्हणतोय, आणि तक्रार कुठे करायची ते कळत नाही. वाचून पोटात गोळा आला. तीन वर्षांआधी मे महिन्यात आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

ओआरएस वगैरे तुम्हाला ठाऊकच असणार, ते सोडतो. मी डॉक्टर नाही, वकील तर नाहीच, तेव्हा माझं बोलणं विचारपूस करूनच घ्या.

"चांगलं शिजवलं होतं, तरी कसं?" असं तुम्ही विचारलंय. स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू शिजवताना मरतात, पण त्यांनी आधीच सोडून ठेवलेलं विष उकळूनही जात नाही. साधारण एक ते सहा तासांत उलट्या, ही त्याची तऱ्हा. साल्मोनेला या दुसऱ्या जंतूला बहुधा जास्त वेळ लागतो. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू वाढतात, आणि आपल्या नागपुरात मे म्हणजे 45! दुकानाचा फ्रीझर रात्री बंद राहिला की झालं. (पाकिटात सगळं मिळून बर्फाचा एकच गोळा दिसला तर घेऊच नका, बहुतेक एकदा वितळून परत गोठलेलं असतं.)

आता माझा गाढवपणा. उरलेले सहा कबाब मी स्टीलच्या डब्यात काढले आणि पाकीट कचरागाडीत दिलं. बॅच नंबर, तारीख, 14 आकडी परवाना क्रमांक, सगळं त्याच्यासोबत गेलं. दुसऱ्या दिवशी डबा स्कूटरच्या डिक्कीत टाकून तक्रारीसाठी सरकारी ऑफिस गाठलं. नाव घेत नाही. साहेब फिरतीवर, बाई जेवायला, मग म्हणे बाजूच्या इमारतीत जा, तिथून परत इथेच. अकराला गेलेलो, चारला एकाने डबा उघडला. झाकणाला आतून घाम, कबाबाला चिकट तार. म्हणाला, "काका, आता यात जे सापडेल ते तुमच्या डिक्कीतलं." बरोबरच होतं बापा त्याचं. पण हे अकरालाच सांगायला काय जात होतं?

म्हणून उरलेलं अन्न पाकिटासकट फ्रिजमध्ये ठेवा, नेताना बर्फात न्या. त्याच बॅचचं बंद पाकीट मिळालं तर सोन्याहून पिवळं. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 प्रमाणे ग्राहक फी भरून स्वतः तपासणी करून घेऊ शकतो, पण विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. आता सांगा, कोणता दुकानदार मग तेच पाकीट हातात ठेवेल? त्यापेक्षा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानेच दुकानातून नमुना उचलावा म्हणून लेखी तक्रार द्या, पोच घ्या, असं माझं मत. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, 1800112100 हा नंबरही आहे. डॉक्टरांच्या कागदावर खाल्ल्याची आणि उलटीची वेळ लिहून घ्या. शौचाचा नमुना द्यायचा असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी.

दुकानदार देतोय ते पैसे खुशाल घ्या. पाकीट आणि बिल मात्र त्याच्या हाती देऊ नका, फोटो काढायचा तर काढू द्या. मला तर माझ्या दुकानदाराने बदली पाकीट देऊ केलं होतं. तेच कबाब!