वाचक विचारतात: क्रूझला जाताय? चहाची कॉइल घरीच ठेवा

या वेळची बहुतेक पत्रं क्रूझचीच आहेत, सुट्ट्यांचं बुकिंग सुरू झालं की असंच होतं. बरेच जण सिंगापूरहून पेनांग-फुकेट करणारे आहेत, काही मुंबई-गोवावाले, तर उत्तरं त्याच हिशोबाने देतेय.

प्रश्न: सासूबाईंना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लाँचमध्येसुद्धा मळमळतं. त्यांना मुंबई-गोवा क्रूझला न्यावं का?
– एक सूनबाई, पेण

उत्तर: न्या की. लाँच वेगळी आणि एवढी मोठी बोट वेगळी, क्रूझला पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर असतात त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं, अगदी बंद होत नाही पण. केबिन मात्र खालच्या डेकवरची आणि बोटीच्या मधल्या भागातली मागा. वरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली दिसायला भारी असते पण सगळ्यात जास्त हलते तीच, म्हणजे जास्त पैसे देऊन मळमळ विकत घेतल्यासारखं. गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, आधीच घ्यावी लागते, आणि सासूबाईंना बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच, कारण या गोळ्यांनी गुंगी येते आणि बोटीत जिने आहेत. उपाशी ठेवू नका. आणि त्रास व्हायला लागला तर केबिनमध्ये कोंडून न ठेवता उघड्या डेकवर आणून बसवा, नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा.

प्रश्न: आम्हाला सकाळी आपला आल्याचा चहाच लागतो. कॉइल, छोटी इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड नेला तर चालेल ना?
– एक काका, इचलकरंजी

उत्तर: काका, तिन्ही नाही चालणार. सामान एक्स-रेमधून जातं, तिथेच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. यात राग मानण्यासारखं काही नाही, भर समुद्रात बोटीवर आग लागली तर पळून जायला जागा नसते, म्हणून तापणाऱ्या वस्तूंवर एवढी बंदी. बाल्कनीत सिगरेट नको म्हणतात ते पण त्याचसाठी, जळतं थोटूक वाऱ्याने खालच्या बाल्कनीत जाऊन पडतं. चहासाठी टी-बॅग किंवा प्रीमिक्स न्या, गरम पाणी बुफेत मिळतं. पॅकबंद चिवडा, चकल्या, खाकरे सहसा चालतात, घरचा शिजवलेला डबा नाही. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, टेबलावर बसल्यावर सांगून वेटरची पळापळ करू नका.

प्रश्न: पहिल्याच दिवशी सेफ्टी ड्रिल असते म्हणे. तेवढा वेळ पूलवर गेलं तर काय बिघडतं?
– कॉलेजचा ग्रुप, पुणे

उत्तर: बिघडतं रे बाबांनो. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, 32 जणं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती, कारण तेव्हा 24 तासांच्या आत घेतली तरी चालायची. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यावीच लागते. आता बऱ्याच बोटींवर व्हिडिओ बघायचा, आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड स्कॅन करून यायचं, एवढंच असतं. आपलं स्टेशन कुठलं आणि तिथे जिन्याने कसं जायचं हे बघून ठेवा, आगीत लिफ्ट धरायची नसते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, एवढं ऐकू आलं की तिकडे जायचं. न आलेल्यांची नावं स्पीकरवर पुकारतात आणि सगळे वाट बघत बसतात, ते वेगळंच.

प्रश्न: आम्ही चार कुटुंबं एकत्र जातोय. लोक नावं ठेवतील असं काही आमच्याकडून होऊ नये म्हणून काय सांभाळावं?
– एक ताई, नागपूर

उत्तर: ताई, हे विचारलंत यातच अर्धं काम झालं. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती पूलच्या खुर्च्यांवरून, लोक सकाळीच टॉवेल टाकून जातात आणि स्वतः नाश्ता करून, शो बघून दुपारी उगवतात, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची तसं. बऱ्याच बोटींवर स्टाफ थोडा वेळ थांबून टॉवेल उचलून नेतो, आणि माझ्या मते बरोबरच करतो. थिएटरात पण दोघांनी जाऊन बारा सीटा अडवू नका.

बुफेवर दरवेळी नवी प्लेट घ्या, सगळ्यांसाठी मिळून एकच डोंगर भरू नका, टाकलेलं अन्न बघून वाईट वाटतं. आणि आधी हात साबणाने धुवा, नुसतं सॅनिटायझर नको. बोटींवर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती बहुतेक वेळा नोरोव्हायरसची, अल्कोहोलचा त्याच्यावर नीट परिणाम होत नाही. कुणाला त्रास झालाच तर लपवू नका, बोटीवरच्या डॉक्टरला कळवा.

पूलमध्ये स्विमिंगचे कपडेच हवेत, सुती कुर्ता, बर्म्युडा घालून उतरलात तर लगेच बाहेर काढतात, आणि डायपरवालं बाळ मोठ्या पूलमध्ये सोडायचं नाही. फॉर्मल नाइटला सूट शिवायची गरज नाही, साडी किंवा झब्बा मस्त दिसतो. अंताक्षरी लाउंजमध्ये खेळा की, रात्री कॉरिडॉरमध्ये नको, भिंती पातळ असतात हो.

प्रश्न: फुकेटला खाली उतरून स्वतः फिरलो तर? आणि टिप किती द्यायची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: फिरा, पण घड्याळ सांभाळा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे, फोन आपोआप थाई वेळ दाखवायला लागतो आणि बोट सिंगापूरच्या वेळेवर असली तर फोनमध्ये चार वाजलेले असताना बोटीवर पाच झालेले असतात. म्हणून उतरताना दारावरच विचारा की परत यायची वेळ कुठल्या घड्याळाप्रमाणे. फुकेटला मोठ्या बोटी बऱ्याचदा पाटोंगच्या किनाऱ्यासमोर लांब नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी नेतात-आणतात, तिथे परतताना रांग लागते, तो वेळ पण हिशोबात धरा. बोटीच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर थांबतात, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जायचं.

टिप बऱ्याच परदेशी बोटींवर माणशी रोजची आपोआप बिलात लागते, मुलांची पण, तेव्हा बजेटमध्ये आधीच धरा. आणि बोट सुटली की फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो बोटीवरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून डोळे पांढरे होतात. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्यात सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट भरून टाकू नका, नाइटीवर उतरायची वेळ आलेले लोक असतात दरवेळी.