गुण्या, चौरस आणि होकायंत्र

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘फ्रीमेसन लोकांच्या चिन्हाबद्दल एका मराठी लेखात “चौरस आणि होकायंत्र” असं वाचलं. चित्रात मात्र दोन्ही दिसेनात. मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि सुताराचा काटकोनी गुण्या, तोच “गुण्यागोविंदाने”मधला का?’

म्हणायचं ‘गुण्या आणि कंपास’. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांच्या हत्यारांतून नीतीचे धडे देणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद. इंग्रजीत ‘स्क्वेअर’ म्हणजे चौरस हे खरं, पण गवंड्याच्या आणि सुताराच्या हातातल्या काटकोनी हत्यारालाही स्क्वेअरच म्हणतात. ‘कंपास’चंही तसंच : दिशा दाखवणारा एक, वर्तुळ काढणारा दुसरा. भाषांतर करणाऱ्याने दोन्ही ठिकाणी भलताच अर्थ उचलला. चिन्हात खाली गुण्या असतो आणि वर पाय फाकलेला कंपास. त्या पायांना फार महत्त्व आहे. पहिली दीक्षा घेणाऱ्यासमोर कंपासाची दोन्ही टोकं गुण्याखाली झाकलेली असतात, दुसऱ्या पायरीवर एक टोक वर येतं, तिसऱ्या पायरीवर दोन्ही. ‘होकायंत्र’ लिहिलं की हे सगळंच वाचकाच्या हातून जातं.

गुण्या हा शब्द मला फार आवडतो. शाळेच्या कंपासपेटीत तो पट्टी, कोनमापक, कर्कटक यांच्या शेजारी पडलेला असतो, तरी त्याचा प्रवास आपल्याला ठाऊक नसतो. ग्रीकमध्ये ‘गोनिया’ म्हणजे कोपरा, कोन. तोच शब्द अरबी-फारसीत ‘गूनिया’ होऊन काटकोनी हत्याराचं नाव झाला आणि आपल्याकडे गुण्या म्हणून रुळला. बहुभुज आकृत्यांच्या ‘पेंटॅगॉन’, ‘हेक्झॅगॉन’ या नावांतला ‘गॉन’ही त्याच गोनियाचा. फ्रीमेसन चिन्हाच्या मधोमध पुष्कळदा ‘जी’ हे अक्षर असतं. ते ईश्वरासाठी आणि भूमितीसाठी, म्हणजे ‘गॉड’ आणि ‘जॉमेट्री’साठी, असं सांगतात. म्हणजे कोनाचं नाव धारण करणाऱ्या हत्यारावर भूमितीचं अक्षर.

गेल्या वर्षी आमच्या कळव्याच्या इमारतीच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा मिस्त्रींना सगळ्या हत्यारांची नावं विचारली होती. भिंत सरळ उभी आहे का हे बघायचा तो ओळंबा (अवलंबचा ओळंब, लोंबणारा). कोपरा काटकोनात असेल तर ‘गुण्यात आहे’. पातळी बघायच्या साधनाला ते ‘लेव्हल’ म्हणाले, पण त्यांच्या वडिलांच्या तोंडी ‘पाणसळ’ असे. मोठ्या खोलीची आखणी करताना गुण्या पुरत नाही, तेव्हा दोरीने एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतात आणि तिरकी दोरी ५ फूट आली की कोपरा बरोबर. यामागचं पायथागोरसचं प्रमेय, युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं ४७वं, फ्रीमेसनांच्या १७२३ सालच्या नियमग्रंथाच्या आरंभीच्या चित्रात आहे. इंग्लंडात लॉजच्या, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेच्या, माजी प्रमुखाच्या पदकावरही ते असतं.

ही तीन हत्यारं लॉजमध्ये पदाधिकाऱ्यांच्या गळ्यात असतात : प्रमुखाच्या गळ्यात गुण्या, त्याच्या खालच्या दोघांकडे पाणसळ आणि ओळंबा. गुण्या म्हणजे नेकी, पाणसळ म्हणजे समता, ओळंबा म्हणजे ताठ, सरळ वागणं. हे अर्थ शिकवायची पद्धत बसवणाऱ्यांत विल्यम प्रेस्टन हे मोठं नाव. १७७२ साली त्यांनी या विषयावर पुस्तक काढलं. इंग्रजी परंपरेत विधीतली भाषणं आजही मुखोद्गत करून म्हणतात, आणि ती घोटून घ्यायला वेगळी शिकवणीची लॉजं असतात. पाठांतराची किंमत आपल्याला सांगायला नको.

नवख्याची तुलना ‘रफ ॲशलर’शी करतात. त्याला ‘खडबडीत दगड’ नको, ‘अनघड दगड’ म्हणा. त्याचा जोडीदार ‘घडीव दगड’. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही आपली म्हण तिथे जशीच्या तशी बसते.

‘मुक्त गवंडी’ मात्र नको, ‘फ्रीमेसन’च ठेवावं, मुक्त कशापासून, हा प्रश्न वाचकाला उगाच पडतो. लॉज म्हणजे मुळात बांधकामाशेजारची पाथरवटांची शेड. आपल्याकडे ठाणे स्टेशनबाहेर लॉजची पाटी दिसली की मुक्कामाची खोली आठवते, म्हणून पहिल्यांदा लिहिताना ‘फ्रीमेसनांचं लॉज’ असं पूर्ण लिहावं. मुंबईत भारतीय माणसांना प्रवेश मिळावा म्हणून १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. अशी नावं भाषांतर न करता तशीच ठेवावीत.

आता ‘गुण्यागोविंदाने’. काटकोनात बसलेल्या घराची कल्पना मोहक आहे, पण मी ती जोडणार नाही. गोविंदाच्या जोडीला आलेला गुण्या मला माणसाचं नाव वाटतो, हत्याराचं नाही.