सोनेगावला थेंबही नव्हता, मग विमान हैदराबादला का नेलं?

दारव्ह्याच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात त्यांची आई संध्याकाळच्या विमानानं पुण्याहून नागपूरला येत होती. विमानानं वरच्या वर अर्धा-पाऊण तास घिरट्या घातल्या आणि सरळ हैदराबाद गाठलं. भाऊ गाडी घेऊन सोनेगावच्या विमानतळावर उभे. तिथं पाऊस नाही, विजा तेवढ्या लांब चमकत होत्या. ‘पायलट विजेला भ्याला का? अन् वीज पडली असती तर विमान खाली आलं असतं का?’

मी चोवीस वर्षं प्रवासी विमानं उडवली, आता काटोलकडे संत्र्याची बाग पाहतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

विजेचं आधी उरकून टाकू. जगभरचा हिशेब पाहिला तर प्रत्येक प्रवासी विमानाला साधारण वर्षातून एकदा वीज लागतेच. ती नाकातून किंवा पंखाच्या टोकातून शिरते, बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरून वाहते आणि बहुधा शेपटीकडून निघून जाते. नव्या कार्बन फायबरच्या विमानांत त्यासाठी मुद्दाम धातूची जाळी बसवतात. आत बसलेल्याला लखलखाट दिसतो, धाडकन आवाज येतो, बस. उतरल्यावर इंजिनियर टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरतो आणि रिव्हेटपाशी मुगाएवढे जळके डाग शोधतो. रात्री ढगांच्या आसपास असलो की आम्ही कॉकपिटचे दिवे एकदम मोठे करायचो. वीज डोळ्यांसमोर चमकली की काही क्षण समोरचे आकडेच दिसत नाहीत, तेवढ्यासाठी.

भीती वाटते ती हवेची. आपल्याकडचा उन्हाळी वळवाचा ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंच जातो, विमान अकरा-बारापर्यंत. म्हणजे वरून ओलांडायची सोय नाही आणि खालून जायचं तर कोणी नावही काढत नाही. राहिलं बाजूनं जाणं, तेही निदान वीस सागरी मैल, म्हणजे 37 किलोमीटर, सोडून आणि जमेल तर वारा येतो त्या अंगानं. कारण ढगाच्या माथ्याचं छत वारा जातो त्या बाजूला पसरतं आणि त्याच्याखाली गारा लांबवर फेकल्या जातात. मे 2025 मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या विमानाचं नाक गारांनी फुटलं होतं, उतरलं मात्र सुखरूप. रडार आहे ना, असं लोक म्हणतात. रडारला पाणी दिसतं, कोरडी गार नीट दिसत नाही. शिवाय पुढचा पाऊस जोराचा असला की त्याच्यामागचं झाकलं जातं. लाल डागामागचा काळा भाग म्हणजे मोकळी वाट असं नाही. 1977 साली अमेरिकेत जॉर्जियात रडारच्या भरवशावर वादळात शिरलेल्या एका विमानाची दोन्ही इंजिनं पाऊस-गारांनी बंद पडली होती.

आता सोनेगावच्या कोरड्या धावपट्टीकडे येतो. भाऊ, तुमच्या वावरात मार्चच्या अवकाळीत गहू आडवा पडला असेल तर आठवून पाहा. कधी सगळा एकाच अंगाला पडतो. कधी मात्र मधल्या एका जागेपासून चारी बाजूंनी बाहेर झोपलेला असतो, वरून कोणी हंडाभर पाणी ओतल्यासारखा. तेत्सुया फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 1974 मध्ये अमेरिकेतल्या टोर्नेडोंनंतर, म्हणजे सोंडेसारख्या गरगरत्या वादळांनंतर, विमानातून पाहणी करताना झाडं अशीच पडलेली पाहिली. 1945 च्या अणुबॉम्बनंतर त्यानं जपानमध्ये केलेल्या पाहणीत असाच नमुना दिसला होता. वरून काहीतरी आदळून पसरलंय, हे त्याला उमगलं. ढगातून गार हवेचा लोटच खाली कोसळत होता. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात.

विदर्भात मे महिन्यात तर तो बिनपावसाचाही येतो. खालची हवा त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीची, कोरडी ठणठणीत. ढगातून पाऊस निघतो, पण अर्ध्यातच वाळतो. आभाळात करड्या झालरी लोंबताना दिसतात ना, तो हाच पाऊस. पाणी वाळताना हवा गार होते, जड होते आणि धाडकन खाली येते. आपल्या लेखी ते वावधन: धूळ उठली, टिनं उडाली, अंगावर थेंब नाही.

अशा लोटात उतरतं विमान शिरलं की आधी समोरून वारा येतो आणि वेग वाढतो. वाटतं, बरं झालं. सरावाचा हात नेमका तेव्हाच इंजिनाचा जोर कमी करतो. मग वारा वरून दाबतो, पुढे पाठीमागून येतो आणि वेग एकदम गळतो. जोर पुन्हा द्यावा तर इंजिनाला उचल घ्यायला काही सेकंद लागतात, आणि जमीन तर खालीच असते. 2 ऑगस्ट 1985 ला डल्लासला असंच झालं, 137 माणसं गेली. त्यानंतर हा लोट आधी ओळखणारी यंत्रणा विमानांत आली.

माझ्यावर एकदा नागपुरातच ही वेळ आली. आठशे फुटांवर होतो, धावपट्टी स्वच्छ दिसत होती, पलीकडे फक्त धुळीची एक पिवळी भिंत. यंत्र ओरडलं, ‘गो अराउंड, विंडशिअर अहेड’, म्हणजे पुढे वारा एकदम पालटतोय, उतरू नका, परत वर जा. पूर्ण जोर दिला आणि वर गेलो. पस्तीस मिनिटं घिरट्या घातल्या, ढग ओसरला, त्याच धावपट्टीवर उतरलो. दारात उभा होतो तर एक काका जाता जाता म्हणाले, ‘पहिल्यांदा निशाणा चुकला वाटते साहेबाचा!’

तुमच्या आईच्या विमानाचा ढग बहुधा वेळेत ओसरला नसेल. घिरट्यांचं इंधन मोजकं असतं. हैदराबाद गाठून वर राखीव अर्धा तास उरेल, तोवरच थांबता येतं. तो आकडा आला की खाली ऊन असो की चांदणं, निघावंच लागतं.

मे-जूनमध्ये आईचं तिकीट सकाळचं काढत जा, आपल्याकडचे हे ढग बहुतेक दुपारनंतरच चढतात. अन् पट्टा झोपेतही बांधलेला ठेवा म्हणावं, थोडा सैल असला तरी चालेल.