बूट काढल्यावर पुढे काय?

फुटबॉल खेळणं थांबलं, आता कोच होऊन बाहेर पडू का, असं तू विचारलंस. आधी बोरा मिलुतिनोविचची कारकीर्द बघ. सर्बियाचा हा मिडफिल्डर बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळला, मग फ्रान्समध्ये, शेवटी मेक्सिकोच्या पुमास क्लबकडे. तिथेच तो कोच झाला. भाषा, माणसं, ड्रेसिंग रूम, सगळं आधीच ओळखीचं. तूही पहिली नोकरी अशाच ठिकाणी धर.

पुढे त्याने पाच वर्ल्डकपमध्ये पाच वेगळे देश सांभाळले: १९८६ मेक्सिको, १९९० कोस्टा रिका, १९९४ अमेरिका, १९९८ नायजेरिया, २००२ चीन. पहिले चारही साखळी फेरी पार करून गेले. मला सगळ्यात भावतं ते कोस्टा रिका. त्यांचा पहिलाच वर्ल्डकप, तयारीला दिवस थोडे, तरी स्कॉटलंड आणि स्वीडन दोघांना हरवलं! इतक्या कमी वेळात नवी पद्धत पोरांच्या अंगवळणी पडत नाही रे. कोणाला काय जमतं ते हेरून त्यावरच संघ उभा करावा लागतो. ही नजर कमव, रोज सरावात वहीत टिपत जा.

चीनचा कोच असताना मात्र तिन्ही सामने हातचे गेले, गोल एकही नाही. तसे दिवस तुलाही येतील, खचू नकोस.

आणि डी लायसन्सचा, म्हणजे कोचिंगच्या सुरुवातीच्या परवान्याचा, कोर्स याच वर्षी कर.